नळीतलं कडं

सकाळी नळवाला आला होता. मोरीतला पाइप गंजून गळत होता म्हणून त्यानं तो काढला, नवा बसवला आणि मापापेक्षा जास्त निघालेला हातभर तुकडा कापून ओसरीत टाकला. मी तो उचलला. उचलायला काही कारण नव्हतं. तीस वर्षं बंदुकीच्या नळ्या पाहण्यात गेलेल्या माणसाच्या हातात काहीही पोकळ आलं की तो त्यातून पाहतोच. माझी बायको अजून सगळ्यांना सांगते की पोरीच्या बारशात मी आहेरात आलेली पिपाणी वाजवायच्या आधी तिच्यातून उजेडाकडे पाहिलं होतं. तर मी पाइप दाराकडे धरला, पलीकडच्या टोकाशी अंगठ्याचं नख तिरकं लावलं, म्हणजे नखावरचा उजेड नळीत उडतो, आणि उजवा डोळा टेकवला. आत धुरकट दिसलं. धुरकट तर मला हल्ली सगळंच दिसतं. पण कडं नव्हतं. मी पाइप फिरवून दुसऱ्या बाजूनं पाहिलं. कडं नव्हतं. नळवाला म्हणाला, "काय पाहून राह्यले काका? नवा माल हाये, खराब थोडीच देईन." मी तुकडा खाली ठेवला आणि तिथंच ओल्या ओसरीवर बसलो. बायकोनं आतून विचारलं, काय झालं. मी म्हटलं, काही नाही, पाय घसरला.

कड्याचं सांगायला हवं. गेल्या चैत्रापासून मला उजेडाभोवती कडं दिसतं. रस्त्यावरच्या दिव्याभोवती, ट्रकच्या दिव्याभोवती, देवापुढच्या निरांजनाभोवतीसुद्धा. डोळ्यांच्या शिबिरातल्या डॉक्टरानं बॅटरी मारून पाहिलं आणि भाजीवाल्यानं पपई दाबून सांगावं तसं सांगितलं की मोतीबिंदू दोन्हीकडे आहे, डावा जास्त पिकलाय, उजवा पिकतोय. हे मी बायकोला सांगितलं आणि दुसऱ्या कुणालाही नाही. कारण मी आमच्या पोलीस कॅम्पातला आर्मरर आहे, म्हणजे बंदुका तपासणारा, दुरुस्त करणारा. हेड कॉन्स्टेबल लटारू पचारे, पण त्या नावानं मला कुणी ओळखत नाही. भामरागडपासून गोंडपिपरीपर्यंतच्या चौक्यांत म्हणतात, पचारेभाऊनं पाहिली ना नळी, मग झालं. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती, आणि त्या "मग झालं"वर ती दोन वर्षं निघून जातील असं मी धरून चाललो होतो. ऑपरेशनला रजा टाकायची तरी कारण लिहावं लागतं, आणि डोळ्याचं कळलं तर मेडिकल बोर्ड, मग गेटावरची खुर्ची, हातात काठी, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याचं, काय पचारेभाऊ, इथी कसे? ते मला नको होतं. इतकं साधं होतं ते.

बारा दिवसांपूर्वी नवीन साहेबांनी मला बोलावलं होतं. साहेब तरुण, स्वतः पायी गस्तीला जाणारे, त्यामुळे मला बरे वाटायचे. ते म्हणाले, पावसाळ्यात आपली पोरं तीस-तीस किलोमीटर चिखल तुडवतात आणि या जुन्या एसएलआर म्हणजे खांद्यावर मुसळ. मोडीत निघालेल्या बंदुकांतून एक हलकी बांधून दाखवा, जमली तर पुढं मंजुरी घेऊ. एसएलआर म्हणजे एक गोळी सुटली की दुसरी आपली आपण चढते अशी रायफल, साडेचार किलोच्या आसपास. दस्ता पोकळ करता येतो, दांडी बदलता येते, पण खरं वजन असतं नळीत, आणि बंदुकीचा जीवही नळीतच. मी तीन नळ्या काढून टेबलावर मांडल्या. एक जाड, निर्दोष, पण तिनं काही साधणार नव्हतं. दुसरी आतून उंदरांनी कुरतडल्यासारखी. तिसरी बारीक, कुठल्या जुन्या तुकडीतून आलेली देव जाणे, जाड नळीपेक्षा चांगली पाव किलोनं हलकी. पाव किलो म्हणजे काय, हे बाजारातून वांगी आणणाऱ्याला कळत नाही. सातव्या तासाला खांद्याला कळतं. मला ती बारीक नळी पाहताक्षणी आवडली. आवडली हेच वाईट झालं.

खिडकीशी उभा राहून मी तिच्यातून पाहिलं. आटे, म्हणजे गोळीला फिरवणाऱ्या खाचा, स्वच्छ, वळत वळत गेलेले, धुक्यातून दिसावेत तसे. आणि दोन तृतीयांशावर एक काळसर कडं. चार महिन्यांपूर्वी मी ती नळी त्याच क्षणी बाजूला फेकली असती. असं कडं म्हणजे नळी त्या जागी आतून फुगलेली. बाहेरून बोटाला काही लागत नाही, आत मात्र सावलीची गोल रेघ. अशी नळी शंभर गोळ्या गुमान सोडते आणि एखाद्या दिवशी फाटते, आणि फाटते तेव्हा ज्यानं गाल टेकवलेला असतो त्याच्या तोंडाशी फाटते. हे मी किती पोरांना फळ्यावर खडूनं काढून शिकवलं असेल. पण त्या दिवशी मी कडं पाहिलं आणि मनात म्हटलं, आलं का इथंही. दिव्याभोवती येतं, निरांजनाभोवती येतं, नळीच्या तोंडाचा गोल उजेड म्हणजे तरी काय, दिवाच. डावा डोळा लावून पाहिला तर नुसतं दूध. माझ्या हाताखालची मनकर्णा चार हातांवर बसून बोल्ट पुसत होती. बाई, जरा तुझ्या डोळ्यानं पाह्य, इतकंच म्हणायचं होतं. पण आर्मररनं आपल्या हाताखालच्या बाईला नळी पाहायला सांगायची म्हणजे का सांगायची, याचं उत्तर द्यावं लागलं असतं. मी नळी खाली ठेवली आणि मोठ्यानं म्हणालो, "बढिया. हेच लावू." ती म्हणाली, "बरं भाऊ."

नवी नळी बसवली की चाचणीच्या गोळ्या झाडायच्या असतात. मैदानात गुडघाभर पाणी होतं, साहेबांना घाई होती, पर्लकोटा नदी चढायच्या आत बंदूक घेऊन माणूस पलीकडे भामरागडला जायला हवा होता. पाणी उतरल्यावर चाचणी करू, असं ठरलं. म्हणजे मीच म्हणालो आणि बाकीच्यांनी माना हलवल्या. पचारेभाऊनं पाहिली ना, मग झालं.

पाइपात कडं आलं नाही, म्हणजे त्या नळीतलं कडं माझ्या डोळ्यातलं नव्हतं. ओसरीतून उठून मी सायकल काढली. रविवार होता. बायको म्हणाली, सुट्टीच्या दिवशी कुठे, मी म्हटलं, कॅम्पात विसरलंय काहीतरी. चंद्रपुरातला आषाढ म्हणजे वरून पाणी आणि खालून कोळशाचा काळा रेंदा. सायकलचं चाक तो पाठीवर उडवत राहतं. गुडघे दुखत होते. खरं तर मला काहीच वाटत नव्हतं, आणि त्याचीच भीती वाटत होती. दसरूचा चेहरा आठवायचा प्रयत्न केला तर नुसता खांदा आठवला. दसरू तिकडच्याच जंगलातला, अंगानं काडी, त्या बंदुकीसाठी साहेबांनी निवडलेला माणूस. हलकी घ्यायला आला तेव्हा त्यानं शर्टाची कॉलर ओढून खांदा दाखवला होता. पट्ट्यानं सोलून सोलून तिथं चामड्यासारखी पट्टी झाली होती. मी मोठ्या थाटात बंदूक त्याच्या हातात दिली. त्यानं ती एका हातानं तोलली, मग दुसऱ्या. माझ्याकडे पाहून ओशाळं हसला.

"भाऊ, हे हलकी हाये?"

"मंग काय तर."

"मले तं पहिलेवानीच लागून राह्यली."

"तुले का सुपाएवढी हलकी पाह्यजे का? बंदूक हाये ते, बासरी नाई." सगळे हसले, तोही हसला. बंदूक टेबलावरून उचलून त्याला देताना माझ्याही मनगटाला ती जड लागली होती, हे मी कुणाला सांगितलं नाही. मला हल्ली पाण्याची बादलीही जड लागते. जिना चढून गेलं की वरच्या पायरीवर उभा राहून मी घड्याळ पाहिल्याचं सोंग करतो. छप्पन्नाव्या वर्षी माणसाच्या हाताला जे जड लागतं ते वस्तूचं वजन धरत नाहीत. मी दसरूच्या पाठीवर थाप मारली. तो गेला, आणि दुसऱ्या दिवशी पर्लकोटेच्या पुलावरून पाणी गेलं. तेव्हापासून भामरागड म्हणजे फक्त वायरलेसमधली खरखर.

रामाळ्याच्या कडेला सायकल आपोआप हळू झाली. तलावाच्या काठाला एक माणूस कमरेभर पाण्यात उभा राहून जाळं फेकत होता. जाळं हवेत उघडतं ते अजूनही मला दिसतं. ते दिसायला डोळे लागत नाहीत. आमचं घर ढिवराचं. पोंभुर्ण्याच्या अलीकडे, तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर. माझा बाप इस्तारी, जाळं फेकण्यात त्याचा हात धरणारा पाच गावांत नव्हता. पाण्यावरच्या सुरकुतीवरून तो सांगायचा, तिथी मरळ हाये, इथी नुसती झिंगरी. मग त्याचे डोळे पांढरे झाले. त्या काळी मोतीबिंदू काढायला कोण नेतो. बाप मात्र थांबला नाही. रोज पहाटे पाळ उतरायचा, पाण्यात शिरायचा आणि जाळं फेकायचा, पण कुठे? दगडांवर, गवतावर, एकदा तर म्हशीवर. गावातली पोरं दात काढायची. तेव्हा माझ्या आईनं, देवकाबाईनं, एक रिवाज सुरू केला. बापानं जाळं ओढून काठाला आणलं की ती म्हणायची, थांबा, गुंतलं हाये, मी सोडवतो, आणि पदराखालून माझ्या काकाच्या टोपलीतले चार-सहा मासे जाळ्यात सोडायची. मग बाप खाली बसून एकेक मासा चाचपून काढायचा. "आज बरा लागला," म्हणायचा. मी चौदा वर्षांचा होतो. पुष्कळदा ते मासे मीच सोडले. बापाला कसं फसवलं याची मला गंमत वाटायची, आणि गंमत वाटते म्हणून वाईटही वाटायचं. दोन वर्षं आम्ही हे केलं. तो गेला त्या आठवड्यापर्यंत.

पोलिसात लागल्यावर बाप फारसा आठवला नाही. नळीला डोळा लावताना कधीकधी आठवायचा, की याचा डोळा पाण्यात शिरायचा तसा माझा लोखंडात शिरतो. अभिमान होता मला. आज सायकल ढकलत चढ चढताना मला वाटलं, या अभिमानापायी दसरूचं तोंड फाटणार आहे. आणि दसरूला एक बायको आहे, ती कॅम्पात एकदा आली होती, मोहाची फुलं घेऊन, कुणाशीच मराठीत धड बोलली नाही, नुसती सगळ्यांच्या पाया पडत गेली. माझ्याही पडली. काहीतरी करायला हवं होतं आणि ते काय हे मला ओसरीतच कळलं होतं. वायरलेसवर सांगायचं की ती बंदूक चालवू नका. कारण विचारतील. कारण सांगायचं. चढ संपल्यावर एक टपरी लागते, तिथं मी चहा घेतला, मग दुसरा घेतला. एक वाट होती. सांगायचं की नळीचा साठाच संशयित निघाला, वरून पत्र आलंय. पत्र कुणी मागून पाहत नाही. पण मग उद्या पुन्हा नळी, परवा पुन्हा नळी, आणि प्रत्येकीत कडं, आणि कुठलं डोळ्यातलं, कुठलं लोखंडातलं? माझा माझ्यावरचा विश्वास उडाला होता असं नाही. तो उडाला असता तर बरं झालं असतं. त्या दिवशी खिडकीशी मी बरोबर पाहिलं होतं. डोळा खरं सांगत होता आणि मी त्याला खोटं ठरवलं होतं.

शस्त्रागार उघडं होतं. रविवारी मनकर्णा पहाऱ्यावरची दुसरी किल्ली घेऊन येते हे मी विसरलो होतो. घरी बसून काय करू, असं ती म्हणते. सात वर्षांपूर्वी तिचा नवरा एटापल्लीकडे सुरुंगात गेला आणि तिला त्याच्या जागी घेतलं. आली तेव्हा तिला बंदुकीचा वास सहन व्हायचा नाही, बाहेर जाऊन ओकायची. मी तिला एकेक पुर्जा हातात देऊन शिकवलं. हल्ली नळीवरचे बारीक आकडे ती वाचून दाखवते आणि मी वहीत उतरवतो, चष्म्याचा नंबर बदललाय असं मी तिला सांगितलं होतं. ती तेलाची वाटी आणि चिंध्या घेऊन बसली होती. मला पाहून उठली.

"काऊन भाऊ? आज तं इतवार."

मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं. बसलो असतो तर सांगितलं नसतं. "दसरूच्या बंदुकीची नळी खराब हाये. आत कडं होतं. मले दिसलं होतं. मले वाटलं माह्या डोळ्यात हाये. मले मोतीबिंदू हाये, बाई. चैतापासून."

हातातली चिंधी तिनं घडी करून वाटीवर ठेवली. मग मागच्या फडताळाशी गेली, खालच्या खणात हात घातला आणि गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी आणून माझ्यासमोर टेबलावर ठेवलं. मी गोणपाट सोडलं नाही. लांबीवरून, जाडीवरून कळलं. ती बारीक नळी होती.

"त्याच दिवशी संध्याकाळी काढली म्या," ती म्हणाली. "साफ करासाठी चिंधी ओढून राह्यलो होतो तं एका जागी हात ढिला पडला. चिंधी एकदम सैल. पुन्हा ओढली, पुन्हा तिथीच. मंग म्या ते जाड नळी लावली. तुमीच शिकवलं ना भाऊ, लावाले."

"दसरूले जड लागली."

"लागन तं. जडच हाये ते."

मी खुर्चीवर बसलो. दसरू वाचला होता. बारा दिवस आधीच वाचलेला होता, मी उगीच दोन चहा घेतले. छातीतलं काहीतरी उतरलं आणि त्याच्या जागी दुसरं चढलं, ते जास्त जुनं होतं. मी विचारलं, "कवापासून?"

ती खाली पाहून म्हणाली, "काय कवापासून?"

"तू माह्या मागं पाहून राह्यली. कवापासून?"

"दोन-तीन नळ्याच होत्या भाऊ. बाकी तुमी बरोबरच पाह्यता." आणि मग घाईनं, "कोणाले सांगाची काही गरज नाई. दोन सालाची तं गोष्ट हाये. तुमी पाहात जा, म्या मागून हात फिरवत जाईन. कोणाले मालूम पडते?"

तिचा आवाज अगदी माझ्या आईचा होता. थांबा, गुंतलं हाये, मी सोडवतो. आणि तेव्हा, त्या तेलाच्या वासात, चाळीस वर्षांनी माझ्या डोक्यात एक साधी गोष्ट आली. टोपलीतला मासा थंड असतो. ताठ असतो. जाळ्यातून नुकता निघालेला मासा हातात उड्या मारतो, त्याचं पोट मऊ असतं, कल्ला चालू असतो. जन्मभर मासे धरलेल्या माणसाचा हात हे ओळखणार नाही? बाप एकेक मासा अंगठ्यानं दाबून पाहायचा, किती वेळ लावायचा, आणि मग आमच्याकडे, आम्ही उभे असू त्या अंदाजानं, तोंड करून म्हणायचा, आज बरा लागला. त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. दोन वर्षं थंड पाण्यात तो उतरला ते आईचं मन राहावं म्हणून, माझी गंमत राहावी म्हणून. आम्ही त्याला सांभाळत होतो असं आम्हाला वाटायचं. मला रडू आलं. मनकर्णा उठून दाराशी जाऊन उभी राहिली, पाठ करून, जणू पाऊस किती आहे ते पाहत.

बाप थोर असेल. पण त्याच्या जाळ्यात मासेच होते. त्यांच्यापायी दुसऱ्या कुणाचा खांदा सोलला जात नव्हता. तिकडे दसरू चिखलातून ती पाव किलो जास्तीची घेऊन चालत असेल आणि मनात म्हणत असेल की आपलाच खांदा कच्चा, पचारेभाऊ म्हणतात ना हलकी, म्हणजे हलकीच असणार. मी माझा डोळा खोटा पाडला तसा मी त्याचा खांदा खोटा पाडला होता. सगळ्यांसमोर, हसून. आणि मनकर्णा एखाद्या दिवशी रजेवर असेल, तिच्या पोराला ताप असेल, त्या दिवशी मागून कुणाचा हात फिरणार होता?

मी उठलो. किल्ल्यांचा जुडगा कमरेचा सोडला आणि तिच्या वाटीशेजारी ठेवला. ती वळून म्हणाली, "भाऊ, नका जाऊ ना." मी म्हटलं, "नळी म्याच बदलली. त्या दिवशी संध्याकाळी म्याच चुकून जाड लावली. तू चिंध्याच धुवत होती. समजलं?" ती मान हलवेना. मी तिला पुन्हा विचारलं, समजलं का, आणि तिनं हलवली.

वायरलेसच्या खोलीत इसरू बसला होता, कानाला यंत्र, समोर बिडी. भामरागड धरायला त्याला दहा मिनिटं लागली. खरखर, मग पावसासारखा आवाज, मग त्यात एक माणूस. इसरूनं पेन घेतलं. "बोला भाऊ. कोणाले?"

"दसरूले. लिही. तुझी बंदूक जडच हाये. तुझं बरोबर होतं. पाणी उतरलं का हलकी पाठवतो. ते मनकर्णाबाई निवडन."

त्यानं लिहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. "हा काय संदेश हाये भाऊ? कारण लिहा लागते. साहेबापाशी जाते हे कागद."

"जाऊ दे."

"तं कारण काय लिहू?"

बाहेर पाऊस थांबला होता, खिडकीतून उजेड आला होता आणि यंत्रावरच्या लहानशा लाल दिव्याभोवती कडं होतं. मी ते नीट पाहिलं. ते माझंच होतं.

"लिही, आर्मररले दिसत नाई."

इसरूचं पेन थांबलं. मग त्यानं ते लिहिलं, बटण दाबलं, आणि पलीकडे नीट पोचावं म्हणून एकेक शब्द तोडून, ओरडून, साऱ्या कॅम्पाला ऐकू जाईल असं वाचायला लागला.